पृथ्वी झालेली कमली

वाळत्या मोहफुलांचा गोड, उग्र वास आला, की ऐंशीच्या दशकातली एटापल्लीजवळची शाळा आठवते. कॉलेज संपल्यावर मी तिथं शिकवायचो. त्या सकाळी सातवीची मुलं अंगणात ग्रह होऊन फिरत होती. तेवढ्यात पृथ्वी झालेल्या कमलीचा बाप टोपली घेऊन आला.

“गुरुजी, मोह पडून राह्यला. पोरीले नेतो.”

मोह वेचायला गेलेली मुलं सहसा शाळेत परतत नसत. सगळे ग्रह थांबले.

“बा, मी गेली तं पृथ्वी कोन होईल?”

त्यानं टोपली काखेत मारली.

“बरं, फिर. मी एकटाच वेचतो.”

तेव्हा मला नुसतं हायसं वाटलं. आता वाटतं, एकट्यानं वेचेपर्यंत अर्धा मोह हरणांनी खाल्ला असेल; आणि ते त्याला निघतानाच ठाऊक होतं.