बजरंगची सरकती रात्र

वालूरच्या बाजारगल्लीत कल्याणराव अप्पांची पिठाची गिरणी आहे. तिथे दळण टाकणारा बजरंग दोन्ही डोळ्यांनी आंधळा. तरुणपणी तो विहिरींचे सुरुंग उडवायचा. एक सुरुंग उशिरा उडाला आणि एक डोळा जागीच गेला. दुसरा राहिला, पण नावालाच. त्याला दिव्याची ज्योतसुद्धा कळत नसे. अप्पांनी त्याला कामावर घेतलं तेव्हा गाव हसलं. पण बजरंग पीठ चिमटीत घेऊन सांगायचा, "काकू, भाकरीला जरा जाड पडायलंय, दगड आवळतो." हळूहळू बायका त्याच्याच हातचं दळण मागू लागल्या. डबा ठेवल्याच्या आवाजावरून कुणाचा ते तो ओळखायचा, चेष्टा करायचा, शिव्या खायचा. एवढीच जागा होती जिथे कुणी त्याची कीव करत नसे.

दसऱ्याच्या आधी त्या उरलेल्या डोळ्याने छळ मांडला. ठणक थेट कानशिलात जायची. बायको झुंबरबाई म्हणाली, "दिसत न्हाई, कामाचा न्हाई, नुसता ठणकायलाय. काढून टाका की एकदाचा." परभणीला जाऊन डोळा काढला. ठणक थांबली आणि झोप बिघडली.

आधी रात्री उशिरापर्यंत झोप येईना. मग रोज आणखी थोडा उशीर. होता होता अशी वेळ आली, की गल्लीत सडासारवण चाललेलं असताना बजरंगच्या अंगात मध्यरात्र असायची. हातपाय शिशासारखे जड, भूक मेलेली. गाव निजलं की मात्र डोकं लख्ख आणि पोटात कावळे. पुढे ते आपोआप ताळ्यावर यायचं, काही दिवस बरे जायचे, आणि रात्र पुन्हा सरकायला लागायची. झुंबरबाईने आधी त्याच्या तोंडाचा वास घेऊन पाहिला.

"पिलो न्हाई मी," बजरंग म्हणाला.

"मग भरदुपारी घोरायला काय बाळंत झालाव का?"

महाशिवरात्रीला अप्पांची गिरणी धुऊनपुसून फक्त उपवासाचं दळते. भगर, राजगिरा, साबुदाणा. ज्वारी-गव्हाचा डबा त्या दिवशी उंबऱ्याच्या आत येत नाही. पण आदल्या दिवशीचा एक ज्वारीचा डबा कोपऱ्यात राहून गेला होता. बजरंग एरवी दाणा हाताला लागल्याशिवाय ओतत नसे. त्या दिवशी तो उभ्या उभ्या झोपत होता. हात आपलेच चालत होते. ज्वारी भगरीवर पडली आणि त्यामागून दळलेल्या डब्यांतही मिसळत गेली. अप्पांच्या म्हाताऱ्या आई, चन्नबसम्मा, थालीपीठाचा पहिला घास तोंडात असतानाच थांबल्या. "ही ज्वारी हाय," एवढंच म्हणाल्या आणि ताट सरकवून उठल्या. गल्लीतल्या कितीतरी घरांचे उपवास मोडले.

"बजरंग," अप्पा म्हणाले, "उद्यापासून घरीच बस."

शेजारच्या त्रिवेणीकाकूंनी निदान केलं. "शिवरातीच्या दुसऱ्या दिवशी अवस. मागं बी अवसंच्याच आसपास बिघडला होता. ह्याला बाहेरचं हाय." नारळ, लिंबू आणि भाताचा गोळा ओवाळून शिवेवर टाकला. आणि खरंच, पंधरवड्यात बजरंग चारचौघांसारखा झोपू लागला. पुढची अमावास्या सुखात गेली. त्रिवेणीकाकू गल्लीभर सांगत फिरल्या, "दवाखाने हिंडतेत, घरचं औषध दिसत न्हाई!" अप्पांनी महादेवाला हात जोडून त्याला परत कामावर घेतलं.

रामनवमी आली. चांदणं वाढत होतं, अमावास्या लांब होती, आणि बजरंगची रात्र पुन्हा दिवसाकडे सरकू लागली. त्याने कुणाला सांगितलं नाही. सांगावं तर गिरणी जाणार; न सांगावं तर पुन्हा कुणाचा तरी डबा चुकणार. जाग राहावी म्हणून तो दाढेखाली मिरचीचं बी धरून दळण टाकायचा.

काचेचा डोळा बसवायला झुंबरबाई त्याला परभणीला घेऊन गेली. तिथल्या राजेश्री डॉक्टरांनी सहज विचारलं, "झोप कशी आहे?" बजरंगने सगळं सांगितलं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे घेतली. "डोळ्याची कामं दोन असतात, दादा. एक बघायचं. दुसरं, बाहेर दिवस आहे की रात्र, एवढंच मेंदूला कळवायचं. ते काम करणाऱ्या पेशी वेगळ्या. दृष्टी गेली तरी कधी कधी त्या शाबूत राहतात. मेंदूत एक घड्याळ आहे. बहुतेकांचं चोवीस तासांहून थोडं सावकाश चालतं. रोजचा उजेड त्याला जागेवर आणतो. तुमच्या त्या डोळ्यातून हा निरोप जात असणार. आता तो बंद झाला. म्हणून तुमचा दिवस रोज थोडा पुढे घसरतो, आणि घसरत घसरत परत जागेवर येतो. अमावास्येचा काही संबंध नाही."

"म्हंजी मीच काढाय लावला," झुंबरबाई हळूच म्हणाली.

"एवढी ठणक होती, काढावाच लागला असता."

"आंधळा होता, पण राखण करायला होता म्हणा," बजरंग बोलला. बायकोचा हात त्याने चाचपडून धरला, पण ती रडत होती का ते विचारलं नाही.

गोळी मिळाली. रोज रात्री ठरल्या वेळीच घ्यायची. गुण यायला आठवडे लागतील, महिनेही लागतील. काहींना येतही नाही.

दुसऱ्या दिवशी तो अप्पांपुढे उभा राहिला. "अप्पा, उताऱ्यानं काही झालं न्हवतं. ते परत आलंय."

अप्पांनी गिरणीचा खटका बंद केला. पट्टा फडफडत थांबला. "मला कळलं बी नसतं. गप का न्हाई बसलास?"

"परत कुणाचं तरी मोडलं असतं."

"दळणाला आता दुसरा माणूस बघावा लागंल," अप्पा म्हणाले. "दगड गुळगुळीत झाले की टाकी मारून खरबरीत करायचं काम तुझं. गिरणी बंद असती तवाच ते होतंय. जाग असंल तवा ये. किल्ली जवळ ठेव."

"खडा उडून डोळ्यात जायचं भेव तर मला न्हाईच."

अप्पा हसले नाहीत. तेवढ्यात दाराशी डबा आपटला. "बजरंगा, माझी बाजरी बारीक काढ रं. मागच्या बारीला रवा केलास मुडद्या!"

बजरंगचा हात डब्याकडे गेला आणि कडीवर थांबला.

"अप्पांना सांगा, काकू," तो म्हणाला, आणि भिंतीला हात लावत बाहेर आला.