परखी आणि पेपरमिंट

खरं सांगते, आधी मला वाटलं होतं म्हातारा चळला. आता आठवलं की माझं मलाच हसू येतं.

आमच्या गावच्या थिएटरात लाह्यांच्या काउंटरवर मी उभी असते. कोण काय बघतं ते चर्चच्या पाळकाच्या आधी मला कळतं. तर एका गुरुवारी दुपारी व्हर्लिन टेन हाकन एकटाच आला. अंगात चर्चचा कोट, डोक्यावर हॅट, आणि तिकीट कशाचं, तर नको तसल्या विनोदांच्या, फक्त मोठ्यांसाठीच्या सिनेमाचं. लाह्या नकोत, कोक नको. पुढच्या गुरुवारी पुन्हा तसलाच सिनेमा. मी मनात म्हटलं, बायको बिचारी घरी गोधड्या शिवतेय आणि ह्या वयात ह्याला पालवी फुटलीय.

मग रविवारी चर्चचं पत्रक हातात आलं. त्यात नवं सदर, 'घरच्यांनी बघावा का?'. खाली लिहिलं होतं, "ओल फार. केरकचरा निम्म्याहून जास्त. चार दाणे बरे, पण तेवढ्यासाठी पोतं घरात घेऊ नये."

नाव वाचायची गरजच नव्हती. व्हर्लिननं सगळी उमर धान्याच्या कोठारावर काढली. मक्याचा ट्रक आला की परखी, म्हणजे टोकदार पोकळ नळी, खुपसायची, वानगी काढायची, दाणा दाताखाली धरायचा आणि प्रत लावायची. रिटायर झाल्यावर घरात बसून बायकोच्या, डोरिंडाच्या, पिठात ओल किती ते सांगायला लागला. तिनंच त्याला बाहेर काढला. त्याच सुमाराला एक तरुण जोडपं पोस्टरवरचा कुत्रा बघून पोरांना सिनेमाला घेऊन गेलं आणि अर्ध्यातून लालबुंद होऊन बाहेर आलं. व्हर्लिनला काम मिळालं, सिनेमा आधी आपण बघायचा आणि प्रत लावायची. रविवारी चर्चच्या पायऱ्यांवर आया त्याला गाठून विचारायच्या, आणि तेवढ्यापुरता तो पुन्हा कोठारावरचा व्हर्लिन व्हायचा.

हे आर्लो वुबेनच्या डोळ्यांवर आलं. आर्लो म्हणजे चर्चचा मुख्य पंच, आणि आमच्या पाळकाचा, कायलचा, सासरा. 'मोकाट वऱ्हाड' नावाचा सिनेमा लागला तेव्हा तो माझ्या काउंटरपाशीच व्हर्लिनला आडवा आला.

"घाण आहे हे कळायला घाणीत उतरावं लागतं होय रे?"

"ताडपत्री न काढता मी कुणाच्या मक्याची प्रत लावली नाही," व्हर्लिन म्हणाला. "तुझ्या मक्याची तर नाहीच."

आर्लोचा मका दरवर्षी ओला निघायचा. तो जास्तच तापला.

"तपासणीच्या नावाखाली मजा मारतोस तू. आज मी शेजारी बसतो. एकदा जरी हसलास तर सदर बंद."

"बस की. तिकीट मात्र तुझं तू काढ."

आता आमच्याकडे एक रीत आहे. उपदेश सुरू झाला की बाकावरून पेपरमिंटच्या गोळ्या फिरतात. गोळी चघळायची, चावायची नाही. चावली की कडकन आवाज होतो, आणि अख्ख्या चर्चला कळतं की कुणाचा तरी धीर सुटला. त्या दिवशी दिवे मालवले तशी व्हर्लिननं सवयीनं एक गोळी तोंडात टाकली, एक आर्लोला दिली. त्यानंही सवयीनं घेतली.

व्हर्लिनला हसताना मी कधी बघितलं नव्हतं. काउंटर तसाच सोडला आणि बॅटरी घेऊन दाराशी उभी राहिले. सिनेमात नवरदेवाचे मित्र तळ्याकाठच्या घरात काय काय करतात ते इथं लिहीत नाही, माझी सून हे वाचते. आर्लोनं तोंडापुढं हॅट धरली होती, पण डोळ्यांच्या जरा खाली. मग नवरदेवाची आई जेवण घेऊन अचानक येते. कुणी चड्डीवर, कुणी टॉवेलवर. ती म्हणते, आधी प्रार्थना. आणि ते सगळे टोणगे हात जोडून, लहानपणी पाठ केलेली प्रार्थना एका दमात म्हणायला लागतात, जेवण लवकर मिळावं म्हणून आपल्याकडची पोरं म्हणतात तश्शी. आमेनला एकाचा टॉवेल सुटतो. थिएटर कोसळलं. त्यातच मला ऐकू आलं, कडक.

सिनेमा सुटल्यावर आर्लो विजयी मुद्रेनं माझ्या काउंटरपाशी आला. "संपलं. गोळी फुटलेली मी ऐकली. हसलास तू."

व्हर्लिननं सावकाश जीभ बाहेर काढली. तिच्यावर गोळी होती, नखाएवढी पातळ, पण अख्खी.

"आता तू काढ," तो म्हणाला.

आर्लोनं ओठ घट्ट मिटले. मग म्हणाला, "मी कंटाळून चावली. कंटाळा आला की चावतोच मी."

"असं होय. दर रविवारी तुझ्या बाकावरून येतो तो आवाज. कायलचा पहिला मुद्दासुद्धा संपलेला नसतो."

आर्लो दाराकडं निघाला.

"मग जावयाला काय सांगू?" व्हर्लिननं विचारलं. "सासरा तुझ्या उपदेशाला कंटाळतो, का सासरा सिनेमात हसला?"

मी लाह्या भरता भरता थांबले. आर्लोनं हॅट हातात दोनदा फिरवली.

"तो टॉवेल..." तो म्हणाला.

"टॉवेलचं काय?"

"पडला तेव्हा."

"तेव्हा काय झालं?"

"हसलो. बास?"

"आणि सदर?" मीच मधे तोंड घातलं.

"राहू दे चालू. पण पोरांना नेऊ नका, असंच लिहायचं हं."

"तेच लिहिणार. ओल आहेच. एक दाणा भरलेला निघाला, तेही लिहिणार. वानगी दोघांनी तपासली म्हणून."

"माझं नाव नको."

"बघू," व्हर्लिन म्हणाला, आणि उरलेली गोळी त्यानं आर्लोच्या तोंडासमोर कडकन चावली.