भेंडीच्या पानावरची पिवळी जाळी

गच्चीतल्या कुंडीत एका भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडल्या. हिरव्यावर सोनेरी जाळी, दिसायला देखणी. बायकोला वाटलं झाड अशक्त झालंय, म्हणून शेणखताचं पाणी ती त्यालाच जास्त घालत राहिली. वनस्पतींचे रोग शिकवणारा तिचा भाऊ आला, तो पान उजेडात धरून म्हणाला, “ताई, हा केवडा रोग, पांढरी माशी झाडाझाडांवर पसरवते. विषाणू एकटा असता तर झाड तगलं असतं. पण त्याच्यासोबत एक चिमुकला उपग्रह डीएनए आलाय. त्याला स्वतःची नक्कलसुद्धा काढता येत नाही, तो विषाणूच्या जिवावर जगतो. झाडाची प्रतिकारशक्ती मोडतो मात्र हाच.”

मला आमच्या सोसायटीची सभा आठवली. सायकल चोरीला गेली म्हणून अध्यक्ष वॉचमनला नुसती ताकीद देणार होते. तेवढ्यात मागच्या खुर्चीतून एक गृहस्थ हळूच म्हणाले, “मी काही पाहिलं नाही हं, पण फाटकाची चावी त्याच्याकडेच असते.” संध्याकाळी वॉचमनची ट्रंक फाटकाबाहेर होती. गृहस्थ एरवी मुंगीलाही वाट देणारे.

बायकोनं झाडावरची एकुलती एक कोवळी भेंडी आधी खुडून घेतली, मग झाड मुळासकट उपटलं. पानाखालून एक पांढरी माशी उठली आणि शेजारच्या हिरव्यागार झाडावर जाऊन बसली.