खराब पट्टी

मी स्वतः जोडलेला नवा कॉम्प्युटर सारखा बंद पडायचा, म्हणून सानपाड्याच्या दुकानातून करावे गावचे एक काका घरी आले. त्यांनी रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढल्या, खोडरबराने हळुवार पुसल्या आणि एकेक लावून पाहिल्या.

"यातली एक खराब हाय."

"तुम्ही माझी चांगली पट्टी बदलली तर नाही ना?" मी बोलून गेलो.

काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला. "मशीनवर संशय आला तर खोलून बघता येतं, साहेब. मानसाला कसं खोलनार?"

समोरचा चहा तसाच ठेवून ते गेले.

नंतर खराब पट्टीवरचा नंबर तिच्या खोक्यावरच्या नंबराशी ताडून पाहिला. पट्टी माझीच होती. दुसऱ्या दिवशी माफी मागायला दुकानात गेलो, तर मालक म्हणाला, "काका आता कोणाच्या घरी जात नाहीत."