झोळीखालची दुलई

धाकटी जाऊ कंपनीच्या कामासाठी काही महिने अमेरिकेत राहून परत आली, तेव्हा तिच्या बॅगेतून चॉकलेटं निघाली, अत्तराच्या बाटल्या निघाल्या, सासूबाईंसाठी रक्तदाब मोजायचं यंत्र निघालं. शेवटी दोन कापडी झोळ्या निघाल्या. दोन झाडांना बांधून त्यात झोपायचं म्हणे.

"आपल्याकडे यात तान्ही मुलं निजवतात," सासूबाई म्हणाल्या.

"तिकडे मोठी माणसंही झोपतात, आई. मी झोपले ना जंगलात."

आम्ही तेव्हा विश्रांतवाडीला एकत्र राहायचो. माझे यजमान खडकीच्या फॅक्टरीत होते, दीर आणि जाऊ दोघं आयटीत. ती जंगलात झोपत होती तेव्हा तिच्या नवऱ्याचा डबा मी भरत होते. हे मी कोणाला बोलून दाखवलं नाही, पण पोळ्या लाटताना मनात ते रोज असायचं.

झोळीबरोबर एक दुलईही होती. नुसती झोळी टांगली की खालून वारं लागतं आणि पाठ गारठते. आत रजई अंथरली तर ती अंगाच्या वजनाने दबते, मग ऊब राहत नाही. म्हणून ही दुलई झोळीच्या बाहेरून, खालच्या अंगाला टांगायची. जाऊने मला हे नीट समजावून सांगितलं. ती सगळंच नीट समजावून सांगायची, आणि मला त्याचाही राग यायचा.

डिसेंबरात तिच्या ऑफिसची मंडळी पानशेतच्या बाजूला मुक्कामाला जाणार होती. दिरांना असल्या गोष्टींची आवड नव्हती.

"वहिनी, तुम्ही चला ना," ती म्हणाली. "झोळी आहेच. दुलई एकच आहे, ती तुम्ही घ्या. मी जाड स्वेटर घालीन."

"तुझी नको," मी म्हणाले. "माझी मी शिवेन."

बोलून तर बसले, पण कशाची शिवायची ते कुठे माहीत होतं? दुसऱ्या दिवशी ती ऑफिसला गेल्यावर मी तिच्या कपाटातून ती दुलई काढली आणि फरशीवर पसरली. उचलली तर हातात काही आहे असं वाटेना. आत पक्ष्यांची पिसं भरलेली. मी त्यात तोंड खुपसलं. धुराचा आणि कसल्याशा परक्या झाडाचा वास आला. असा वास माझ्या एकाही कपड्याला कधी आला नव्हता.

सासूबाई दारात आल्या. "काय चाललंय?"

"माप घेतेय," मी म्हणाले, आणि मग खरंच टेप आणला.

कापडासाठी बसने खडकी बाजारात गेले. तिथे लष्कराचं जुनं सामान विकणारं एक दुकान होतं. पॅराशूटचं कापड मागितल्यावर दुकानदाराने हिरवट रंगाचा गठ्ठा पुढे टाकला. मी कापड ओठांना लावून फुंकून बघितलं. ज्यातून फुंकर आरपार जात होती ते बाजूला सारलं. बाकीच्यातून एक चांगला सलग तुकडा मिळाला.

भरण्यासाठी शनिवार पेठेतल्या एका गादीवाल्याकडे गेले. कापूस जड होतो, दवाने भिजतो, म्हणून मला फायबरची शीट हवी होती.

"दुलई कुठे घालणार?" त्याने विचारलं.

"झाडाला टांगणार."

"मग झाडाचंच माप आणायचं होतं," तो म्हणाला आणि शीट कापायला लागला.

मग उरलं गोल इलॅस्टिक, आणि दोरी ताणून अडकवायचे प्लास्टिकचे खटके. मी तुळशीबागेपासून पार बाजाराच्या टोकापर्यंत हिंडले. इलॅस्टिक मिळालं, खटके काही मिळेनात. एका संध्याकाळी जाऊने स्कूटर लावली आणि येऊन माझ्या मशीनवर एक पुडी ठेवली.

"कॅम्पातल्या एका दुकानात दिसले, वहिनी. तुम्हाला लागतील ना?"

अगदी तेच खटके. मी पायपीट करून हात हलवत परत आले होते, आणि तिला ते येता-जाता दिसले. मी "ठेव" म्हणाले. दुलईला मात्र ते न लावता नाडी ओवली आणि गाठी मारल्या.

पानशेतला मी ती टांगली. तिच्या दुलईपेक्षा जड होती, घडी केली तर उशीएवढी व्हायची. पण पाठ गारठली नाही. पहाटे जाग आली तेव्हा पाण्यावर धुकं होतं, आणि कोणासाठी उठून चहा टाकायचा नव्हता. मी तशीच पडून राहिले.

सकाळी तिच्या ऑफिसातली एक मुलगी दुलईवरून हात फिरवत म्हणाली, "कसली कूल आहे! ऑनलाइन घेतली?"

मी तोंड उघडायच्या आत जाऊ म्हणाली, "आमच्या वहिनींनी स्वतः शिवलीय. सगळं सामान पुण्यात शोधून." तिच्या आवाजात अभिमान होता. सगळे तिच्याकडे बघून हसले. जे मी सांगायचं ते तिने सांगून टाकलं होतं, आणि माझ्यापेक्षा छान सांगितलं होतं.

"मला पण शिवून द्याल?" त्या मुलीने विचारलं.

"देतील की," जाऊच म्हणाली.

"बघू," मी म्हणाले.

पुढे दिरांनी बाणेरला फ्लॅट घेतला. सामान बांधताना जाऊ तिची पिसांची दुलई घेऊन माझ्या खोलीत आली. "वहिनी, अदलाबदल करू या? तुमची मला द्या. मला ती फार आवडते."

माझं काही तिला हवंसं वाटावं, याची मी किती वर्षं वाट पाहिली होती. पण तिने ते इतकं सहज मागितलं की त्यात हेवा कुठे सापडेना. असं मागणं मला कधी जमलं नसतं, आणि आता मला त्याचाच हेवा वाटला.

"माझी मला लागते," मी म्हणाले.

"बरं," ती म्हणाली. तिने स्वतःची दुलई पिशवीत भरली आणि खाली टेम्पोकडे गेली.