काकीचा तलवारवाला

मसोलीहून लग्न होऊन बोर्डीत आली तेव्हा सुषमाला चिकूच्या वाडीतलं ओ की ठो कळत नव्हतं. आता ओटीवर चिकू निवडायला बसली की हात आपोआप चालतात नि कान मोकळे राहतात. सध्या तीच पंचाईत होती.

कारण पलीकडे झोपाळ्यावर तिची रिया आणि धाकटी जाऊ शितल एकाच मोबाइलवर डोकी टेकवून बसलेल्या. शितल विरारहून नुकतीच या घरात आलेली. येताना जपानी चित्रकथांचं वेड घेऊन आली, मांगा म्हणे. आणि आईशी 'हं' नि 'नको' एवढंच बोलणारी रिया काकीशी तासन्‌तास भांडायला लागली.

"काकी, हिरोत ताकद आधीपासून होती. लपवली होती त्याने."

"चल! मग मागच्या भागात एवढा मार कशाला खाल्ला? हळूहळू शहाणा झाला तो. म्हणून तर दुश्मन समोर असून तलवार खाली ठेवली."

आपल्याशी कधी भांडली का ही असं? सुषमाने हातातला चिकू क्रेटमध्ये जरा जोरातच टाकला.

दोघी चहा करायला आत गेल्या. मोबाइल झोपाळ्यावरच राहिला. सुषमाने पदराला हात पुसले आणि ते पान वाचून काढलं. दोघी बाहेर येताच ती म्हणाली, "कसली ताकद नि कसलं काय! तलवार ठेवली आणि मग लटलटा कापायला लागला. घाबरट आहे तुमचा तो झिपऱ्या."

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि हसतच सुटल्या.

"अगं मम्मी, हे उजवीकडून वाचतात!"

"असू दे वहिनी, माझंही पहिल्यांदा तसंच झालं होतं," शितल म्हणाली. हसण्यापेक्षा हे समजून घेणं सुषमाला जास्त झोंबलं.

तिने मोबाइल परत दिला नाही. उजवीकडून पुन्हा वाचलं. आधी लटलटत होता, मग तलवार खाली ठेवली.

"लपलेलं काही नाही, आणि शहाणाही झालेला नाही अजून," ती म्हणाली. "तयार झालाय."

"तयार? लढायला?" शितलने विचारलं.

रियाचं हसू थांबलं. "नाही गं काकी, आमच्यात चिकूला म्हणतात." तिने क्रेटमधला एक चिकू उचलून नखाने खरवडला. "बघ, आत हिरवं नाही. दगडासारखा आहे, पण झाडावरचं काम संपलं. आता तोडला तरी घरात पिकतो. हिरवा तोडला तर नुसता सुरकुततो." मग आईकडे वळली. "म्हणजे मम्मी, पुढे तो...?"

"मला काय ठाऊक पुढचं? दाखव की."

रिया तिला खेटून बसली. 'आमच्यात' म्हणाली पोरगी! सुषमाने तो शब्द मनात घोळवला.

शितल कप घेऊन उभीच होती. "मलाही बघू दे ना," ती म्हणाली.

"चहा तिथेच ठेव गं," सुषमा म्हणाली, आणि सरकली नाही.