बॅकअप घेतलाय की!

नाशिकच्या इंदिरानगरात माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. किती मशीन उघडली ते आता आठवत नाही, पण काउंटरपलीकडून ऐकलेली वाक्यं डोक्यात साठत जातात. बहुतेकांची सुरुवात एकच, "कालपर्यंत मस्त चालू होतं हो!" मित्र म्हणतात, किस्से सांग. सांगतो. पण सांगून झाल्यावर मला स्वतःला फारसं हसू येत नाही.

*

मागच्या गल्लीत महिला मंडळाचं छोटं वाचनालय आहे. तिथल्या कुलकर्णी काकूंनी सगळ्या पुस्तकांची यादी एकटीने कॉम्प्युटरवर चढवली होती. एक दिवस तो सुरूच होईना.

"काकू, हार्ड डिस्क गेली."

"जाऊ दे. मी बॅकअप घेतलाय की!" काकू एकदम निवांत.

"कुठे?"

"डी ड्राइव्हला."

त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये डिस्क एकच होती. सी आणि डी हे तिचेच दोन भाग. हे सांगताना मला कुणाच्या घरी वाईट बातमी द्यायला गेल्यासारखं वाटलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे चोर आला, कपाटच उचलून नेलं. आणि मी खुशीत, की दागिने दुसऱ्या खणात आहेत!"

*

त्र्यंबकेश्वरचे एक गुरुजी चार वर्षं यजमानांच्या वंशावळी लॅपटॉपवर टाइप करत होते. पेनड्राइव्हवर दर आठवड्याला कॉपी. शिस्तीचा माणूस! नाशिकला येताना बसमध्ये लॅपटॉपसकट त्यांची बॅग चोरीला गेली.

"पेनड्राइव्ह आहे ना, गुरुजी?"

"बॅगेच्या पुढच्या खिशात होता."

"आणि मूळ वह्या?"

"त्या घरी आहेत. पणजोबांच्या हातच्या. त्यांना बिचाऱ्यांना कधी चार्जरसुद्धा लागला नाही!"

आम्ही दोघंही हसलो. मग चष्मा पुसत ते म्हणाले, "डोळे आता पहिल्यासारखे नाहीत. पुन्हा टाइप करणं काही व्हायचं नाही."

*

सिन्नरच्या एका कारखान्यात मशीनच्या पार्टची ड्रॉइंग सांभाळायचं काम सानपांकडे. व्हायरसने कॉम्प्युटरवरची सगळी ड्रॉइंग खाल्ली, तरी हा माणूस छाती पुढे काढून उभा. "दर शनिवारी बॅकअप घेतो साहेब. एक शनिवार चुकला नाय!"

त्यांची बॅकअपची डिस्क लावली. खरंच, प्रत्येक शनिवारचं वेगळं फोल्डर, वर तारीख. आत फक्त शॉर्टकट! मूळ फाइल एकही नाही. डेस्कटॉपवर दिसायचं तेवढंच त्यांनी इमानदारीने उचललं होतं.

"म्हणजे तीन वर्षं मी नुसत्या दारावरच्या पाट्याच गोळा केल्या का?"

ती डिस्क मीच विकली होती. पहिल्या शनिवारी "एकदा उघडून दाखवा" एवढं म्हणायला मला अर्धं मिनिट लागलं असतं.

*

बागुल सर सटाण्याकडचे. शाळेतून रिटायर झाले आणि अहिराणी शब्द जमवायला लागले. 'आहे'ला 'शे' म्हणणाऱ्या म्हाताऱ्या बायकांच्या ओट्यावर बसायचे, एकेक शब्द विचारायचे, घरी येऊन थेट कॉम्प्युटरवर लिहायचे. सहा वर्षं चाललं होतं हे.

एका सोमवारी त्यांचा फोन आला. "त्या बॅकअपचं कधी करायचं?"

मी कामात होतो. म्हटलं, "सर, शनिवारी निवांत या."

गुरुवारी लाइट जाऊन आली आणि त्यांची डिस्क जळाली. मी ती मुंबईला रिकव्हरीवाल्याकडे पाठवली. तशीच परत आली.

"सर, मी त्याच दिवशी बोलवायला हवं होतं."

"सोमवारी मी पण दुसऱ्यांदा फोन केला नाही," सर म्हणाले. "पण ज्यांना विचारलं त्यातल्या निम्म्या बायका आता नाहीत हो. ते शब्द विचारू कोणाला?"

मग दोनेक महिने त्यांचा पत्ताच नव्हता. मलाही फोन करायचा धीर होईना.

एक दिवस सकाळी शटर उघडतोय तर पायरीवर सर बसलेले. पिशवीतून त्यांनी तीन कोऱ्या डिस्क आणि एक पेनड्राइव्ह काढला.

"यावरचं तिन्हींवर कॉपी करा. एक माझ्या घरी, एक पुण्याला मुलीकडे, एक तुमच्याकडे. आणि प्रत्येक डिस्क मला उघडून दाखवा."

मी पेनड्राइव्ह लावला. एकच फाइल होती. उघडली.

"सर, यात अकराच शब्द आहेत."

"हो," सर खुर्ची पुढे ओढत म्हणाले. "कालपर्यंत दहा होते!"